अकरा नावं गेली, एक राहिलं

१

“बाय, माजा नाव चोरीला गेला.”

गुरुवारी सकाळी साडेनऊला रोडपालीतल्या फ्लॅटच्या दारात उभी राहून ठमाबाई तांडेल म्हणाली, आणि विनिता घरतने पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने बाजूला सारला.

विनिताकडे लोक पासवर्ड हरवला म्हणून येतात, फोटो उडाले म्हणून येतात, क्वचित नवरा रोज कुणाशी बोलतो ते काढून द्या म्हणूनही येतात. या शेवटच्यांना ती दारातूनच वाटेला लावते. नाव चोरीला गेलेलं गिऱ्हाईक मात्र पहिलंच. बिघडलेल्या वेबसाइटी दुरुस्त करणं हा तिचा पोटाचा धंदा आणि त्या कुणी बिघडवल्या ते हुडकून काढणं ही खोड. धंद्याने पोट भरतं, खोडीने शत्रू मिळतात. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिला दोन्हींची सवय झाली होती.

“बसा मावशी. नीट सांगा.”

“नीटच सांगते. गुगलवर ‘ठमाबाई सुके बोंबील’ टाकला की मी यायची का नाय पैली? आता टाक.”

विनिताने टाकलं. ठमाबाई आली नाही. नको त्या गावच्या ठमाबाया आल्या, बोंबिलाच्या पाककृती आल्या, एका लग्न जुळवणाऱ्या साइटची जाहिरात आली. उरणजवळच्या करंज्याची ठमाबाई कुठेच नव्हती.

करंज्याच्या बारा कोळणींची सुकी मासळी ‘खाडीकाठ’ नावाच्या वेबसाइटवर विकली जायची. मालक परेश कडू. तीन वर्षांपूर्वी ती साइट बांधली होती विनितानेच, म्हणून तर म्हातारी उरणहून एसटी पकडून थेट तिच्याकडे आली होती. सुकी मासळी घेणारा माणूस मासळी बघत नाही, बाई बघतो. आईची कोळीण लेकीला मिळते, सासूची सुनेला. भावात घासाघीस करतील, पण कोळीण बदलणार नाहीत. हे ठाऊक असल्यामुळे विनिताने साइटवर मासा, वजन, भाव या फिल्टरांच्या जोडीला आणखी एक फिल्टर ठेवला होता, ‘कोणाकडून’. त्यावर टिक केली की एकाच बाईचा माल समोर. बघता बघता लोक बायकांच्या नावानेच शोधायला लागले आणि ठमाबाईला ठाण्या-नाशकाहून मागणी येऊ लागली.

“परेश बोलतो, दिवालीपासून तुमाला नावानी कोन इचारीत नाय. आकडे दावतो. गोदूची पोरगी कोमल हाय ना त्याचे हापिसात, ती पन बोलली, आकडे खरे हायेत, आत्या. आता येत्या आयतवारी धा वाजता कागद घेऊन करंज्याला येनार. सही केली की माल सगला कंपनीचे नावानी.”

“आणि नाही केली तर?”

“तर मना इचारनारा कोन हाय?” ठमाबाईचा आवाज चढला. “माजे सासूनी मना ओटा दिला न गिऱ्हाईक दिला. ह्यो कागद झाला का मी परेशची मजूर. बोंबील मी सुकवायचे न नाव त्याचा लावायचा!”

विनिताने बाकीची नावं टाकून पाहिली. रंभा गेलेली. दिपिका गेलेली. एकेक करत अकरा नावं गेलेली. बारावं नाव टाकलं आणि ती खुर्चीत पुढे सरकली. ‘गोदू कोळीण, करंजा’ पहिल्या नंबरावर उभी होती; खाली माहिती नव्हती, पण नाव ठणठणीत होतं.

चुकीने झालं असतं तर बाराही गेली असती.

२

‘खाडीकाठ’चं ऑफिस पनवेलला टपाल नाक्याजवळ एका पहिल्या मजल्यावर. साइटचं तांत्रिक काम बघणारा प्रितेश ओसवाल तिशीतला, सडपातळ, आणि आपल्यावरच शेकणार हे ओळखून आधीच घाबरलेला.

“ताई, मी जे केलं ते पुस्तकाप्रमाणे केलंय,” तो बसता बसताच म्हणाला.

“पुस्तकाने काय करायला सांगितलं?”

त्याने सांगितलं ते असं. दुकानात पाकिटं पंचेचाळीस. पण फिल्टरवर एकेक टिक केली की पानाचा पत्ता बदलतो, प्रश्नचिन्हापुढे शेपूट वाढत जातं. बोंबील, त्यात अर्धा किलो, त्यात बिनमिठाचे, त्यात रंभाकडचे, त्यात स्वस्त आधी. माणूस तीन टिका करून थांबतो. सर्चवाल्यांचे रोबो थांबत नाहीत. प्रत्येक शेपूट त्यांना नवं पान वाटतं. पंचेचाळीस पाकिटांसाठी त्यांनी एका आठवड्यात नऊ लाख फेऱ्या मारल्या आणि सर्व्हर आडवा झाला.

“म्हणून मी गेट लावलं. रोबोंसाठी साइटच्या दारात एक फाइल असते ना, तिच्यात लिहिलं, प्रश्नचिन्ह असलेल्या कुठल्याही पत्त्यावर येऊ नका. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर, दुसऱ्याच दिवशी.”

“वजन, भाव बंद केलेस ते ठीक. ‘कोणाकडून’ कशाला बंद केलंस? बायकांची सगळी गिऱ्हाइकं त्या वाटेने येतात.”

“परेशभाईंनी कामांची यादी पाठवली होती. त्यात ‘सगळे फिल्टर’ असं होतं.” त्याने फोन पुढे केला. खरंच होतं.

दुसरा कुणी असता तर इथेच उठला असता. चूक सापडली, चुकणारा सापडला, चहा पिऊन घरी. पण विनिताला रोबोंच्या रीतीभाती पाठ होत्या. हा रोबो जनगणनेच्या कारकुनासारखा असतो. एखाद्या घराला कुंपण घातलं, तर तो आत जात नाही, पण वहीतलं नाव खोडतही नाही. नाव राहतं, पुढे ‘माहिती मिळाली नाही’ असा शेरा येतो. नुसतं गेट लावलं असतं तर ठमाबाईचं नाव उघडंबोडकं का होईना, पण कुठेतरी दिसलं असतं. इथे नावच खोडलं होतं. कारकून नाव खोडतो ते आत जाऊन, घर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर.

म्हणजे गेट लागण्याआधी रोबो आत येऊन गेला होता.

“प्रितेश, यादीत गेट हे कितवं काम होतं?”

“दुसरं.” तो गोंधळला. “पहिलं महिनाभर आधीच झालं होतं.”

३

पहिलं कामही पुस्तकाप्रमाणेच होतं. फिल्टर लावून जिथे एकही पाकीट हाती लागत नाही, तिथे रोबोला सरळ सांगायचं, असं पानच नाही. रिकामी पानं दाखवून त्याचा आणि आपला वेळ घालवायचा नाही. विनिताने स्वतः हा सल्ला दहा जणांना दिला होता.

“तारीख काय याची?”

त्याने काढून दिली. विनिताने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर मागे उलटलं. त्या दिवशी श्रावण लागला होता.

“प्रितेश, तू मासे खातोस?”

“मी कांदापण खात नाही, ताई.”

तिला त्याची कीव आली. या पोराने पावसाळा बघितला होता तो खिडकीतून. करंज्यात पावसात काही वाळत नाही. लोक मे महिन्यातच आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापुरती, बेगमी करून ठेवतात, राहिलेला माल आषाढात जातो, गटारीला डबे झाडूनपुसून रिकामे होतात. श्रावणात कोळणीकडे विकायला काही नसतं आणि अर्ध्या गिऱ्हाइकांना खायचंही नसतं. पुन्हा माल उभा राहतो तो पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या सुमाराला.

म्हणजे श्रावण लागताच रोबोला सांगितलं, रिकामं ते पान नाही. त्याने महिनाभर येऊन-जाऊन अकरा रिकामी घरं बघितली आणि अकरा नावं खोडली. विसर्जन होताच गेट बंद. नवरात्रात ओटे बोंबलांनी भरले, पण ते बघायला आता त्याला आत सोडणारं कुणी नव्हतं. दोन्ही कामं पुस्तकाप्रमाणे बरोबर. फक्त त्यांचा क्रम आणि तिथ्या ज्याने ठरवल्या तो प्रितेशपेक्षा शंभरपट हुशार होता आणि शंभरपट नीच.

परेश कडूने तिला केबिनमध्ये बसवून कोकम सरबत पाजलं. चाळिशीचा, गोरागोमटा, बोलण्यात साखर. द्रोणागिरीत त्याचं गोदाम होतं आणि एक मोठी कंपनी ‘खाडीकाठ’ विकत घ्यायला बघत होती, हे त्याने लपवलं नाही.

“त्यांना एक ब्रँड हवाय, विनिताताई. बारा म्हाताऱ्या नकोत. पण मी जबरदस्ती कुठे करतोय? लोक विचारत नाहीत त्याला मी काय करू?”

“विचारत नाहीत की त्यांना सापडत नाहीत?”

“आता गेट लावलं, नावं गेली. साधी गोष्ट आहे. प्रितेशची चूक. काढून टाकतो त्याला.”

“यादी तुमची होती.”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठलं तरी वाचून पाठवली असेल.” मग खुर्ची पुढे ओढून तो हळूच म्हणाला, “तुम्ही एवढ्या हुशार, गोदूचं नाव कसं राहिलं ते नाही विचारत? ज्याचा फायदा तो चोर. अकरा जणींची गिऱ्हाइकं आता कोणाकडे जातात? बघा जरा.”

सरबत गोड होतं, पण विनिताने पेला अर्धाच खाली ठेवला. कारण हा माणूस खोटारडा असला तरी एक गोष्ट खरी बोलून गेला होता. गेटने नावं जातात, असं त्याला मनापासून वाटत होतं. डाव त्याचा होता, पण तो रचणारं डोकं त्याचं नव्हतं.

४

बाहेर येऊन तिने प्रितेशला श्रावणातल्या मालाची नोंद काढायला लावली. अकरा जणींपुढे शून्य. गोदूपुढे एकच ओळ : ‘खारवलेली सुरमई, पाव किलो. शिल्लक तीन.’

महिनाभर तेवढीच. ना एक पाकीट विकलं गेलं, ना एक वाढलं. त्या तीन पाकिटांमुळे गोदूचं पान रिकामं ठरलं नव्हतं. रोबो आला तेव्हा तिच्या घरात दिवा होता.

विनिताने जिन्यातूनच ठमाबाईला फोन लावला.

“मावशी, गेल्या श्रावणात गोदूकडे काय माल होता?”

“गोदूकडं? ती आषाढात जेट्टीवर घसरली न पाय मोडून पडली. माल कसला, सुकटाचा दाना नव्हता घरात.”

“खारवलेली सुरमई?”

पलीकडून ठमाबाई हसली. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदाच हसली असावी. “गोदू न सुरमई? तिचे सासूपासून ते जवला न करदी, दुसरा काय नाय. सुरमई खारवायची ती रंभा. गोदूनी सुरमई केली तर सगला करंजा बघाया येल.”

विनिता तिथेच पायरीवर बसली.

करंज्यात कोण काय सुकवतं हे ठरलेलं असतं. ज्याने ती ओळ भरली त्याला हे माहीत असणारच. तरी सुरमई का लिहिली? कारण जवळा लिहिला असता तर कुणी तरी मागवला असता आणि पाकीट नाही म्हटल्यावर बोभाटा झाला असता. गोदूकडची सुरमई मात्र कुणीच मागणार नाही. गोदूच्या गिऱ्हाइकाला ती नकोच असते आणि सुरमईचं गिऱ्हाईक रंभाशिवाय कुणाकडे जात नाही. तीन पाकिटं महिनाभर हलली नाहीत ती म्हणून.

आता हिशेब अवघड नव्हता. हा डाव रचायला तीन गोष्टी लागत होत्या. श्रावणात कोळणीचं घर कसं असतं ते माहीत हवं. रोबो नाव कधी खोडतो ते माहीत हवं. आणि मालाच्या नोंदीवर हात हवा. प्रितेशला पहिली गोष्ट ठाऊक नव्हती. परेशला दुसरी. शिवाय गोदूला वाचवणं त्याच्याच मुळावर येत होतं, त्याला बाराही नावं जायला हवी होती. आणि गोदू बिचारी फोनवर हिरवं बटण कुठलं एवढंच जाणत होती.

तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या. दर सोमवारी बारा जणींना फोन करून कुणाकडे काय आहे ते विचारायचं आणि साइटवर भरायचं, हे काम गेली दोन वर्षं एकच मुलगी करत होती.

ठमाबाईला आत्या म्हणणारी.

५

शनिवारी दुपारी वडाळे तलावाच्या कट्ट्यावर कोमल आली ती हसत. सव्वीस वर्षांची, नीटनेटकी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. करंज्याच्या कोळीवाड्यातली कॉम्प्युटरचा कोर्स केलेली पहिली मुलगी. तिच्या कोर्सला ठमाबाईने गावातल्या बायकांना घेऊन पेढे वाटले होते, हे विनिताला आठवत होतं आणि नको तेव्हा आठवत होतं.

“खारवलेली सुरमई, शिल्लक तीन,” विनिता एवढंच म्हणाली.

हसू गेलं. कोमलने गळ्यातलं ओळखपत्र काढून मुठीत धरलं.

“मी काही पुसलं नाही, ताई,” ती म्हणाली. “जूनमध्ये परेशदादांनी विचारलं, कोणी हात न लावता एखादं पान सर्चमधून जाऊ शकतं का? मी सांगितलं, जाऊ शकतं. कसं, ते विचारलं. तेही सांगितलं. परीक्षेत सांगतात तसं. त्यांना त्यातलं गेट तेवढंच कळलं. त्यांनी यादी तारखांसकट मलाच लिहायला लावली आणि स्वतःच्या फोनवरून पाठवली. तेव्हा मला कळलं कशासाठी ते.”

“मग?”

“मग काय?”

“मग ठमाबाईला एक फोन करायचा होतास. एका वाक्याचं काम होतं. आत्या, मला एक पाकीट तरी शिल्लक दाखवू दे.”

“बारा जणींचं दाखवलं असतं तर दादांना कळलं असतं,” कोमल म्हणाली. “कंपनी आली की निम्मा स्टाफ कमी होणार होता. ते म्हणाले, तू राहशील. आईचा पाय प्लास्टरमध्ये. मी एकीचं वाचवू शकत होते, ताई. एकीचं वाचवलं.”

“आणि दिवाळीनंतर आकडे खरे आहेत म्हणून सांगितलंस.”

“खरेच होते.”

विनिताला संताप आला आणि त्याहून वाईट म्हणजे तिला ती मुलगी समजली. पोटाच्या भीतीने माणूस आधी आपलं घर धरतो. पण अकरा घरं बुडताना बघत दर सोमवारी गोड आवाजात ‘आत्या, काय माल आहे?’ विचारायचं, याला काळीज कसलं लागत असेल!

“उद्या सगळ्यांसमोर सांग,” ती म्हणाली. “तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.”

कोमल उठली. दोन पावलं जाऊन वळली.

“सांगाल तर पूर्ण सांगा, ताई. बोंबलाला स्वतःचं पान आहे. जवळ्याला आहे. परेशदादांच्या मसाल्यालासुद्धा आहे. त्यांना गेट लागलं नाही, कारण त्यांच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह नाही. बायकांना तुम्ही पान दिलंच नव्हतं. फिल्टरची एक टिक दिली होती. ती टिक कुणीही बंद करू शकतं, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं?”



६

रविवारी करंज्याला ऊन चांगलं होतं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून लटकत होते आणि त्यांच्या सावलीत बारा बायका बसल्या होत्या. परेश खुर्चीवर. त्याच्या मांडीवर कागद.

विनिताने सगळं सांगितलं. रोबो, कारकून, श्रावण, विसर्जन. ती सोप्या शब्दांत बोलत गेली आणि बायका कान देऊन ऐकत गेल्या. तीन पाकिटांपाशी आली तशी रंभा ताडकन म्हणाली, “सुरमई? गोदूची?” आणि मग कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. सगळ्यांनी वळून कोमलकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. सांगायचं म्हणून आली होती, पण तोंड उघडलं नव्हतं. बायकांना पानाऐवजी टिक दिल्याची चूकही मग विनितानेच सांगून टाकली, कोमलच्या शब्दांत.

परेश तेवढा हसला. “छान गोष्ट आहे. पण मी कुणाचं काय घेतलं? दुकान माझं. दार माझं. कधी उघडायचं, कधी लावायचं, मी ठरवणार. जा कुठे जायचं तिकडे.”

त्याचं म्हणणं खरं होतं. कुठल्याही पोलीस चौकीत ही तक्रार लिहून घेतली नसती. खून झाला, खुनी सापडला आणि त्याला शिक्षा करणारं कलम नाही, असली ही केस. विनिताला रात्रभर हेच कडू लागत होतं.

पाय लांब करून बसलेली गोदू हात टेकून उठली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्याकडे बघून शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

“कोमल. आदी माजा नाव काड.”

“आये, तुजे पायासाटी...”

“काड बोलते ना! आता, सगल्यांचे म्होरं.”

कोमलने फोन काढला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा साइटवरून गोदूचं नाव काढलं. मग तिने स्क्रीन आईपुढे धरला. गोदूला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने तो फोन ठमाबाईच्या हातात दिला. ठमाबाईने बघितलं आणि मान हलवली. बारावं नावही गेलं.

गोदू पुन्हा खाली बसली. शेजारची बाई तिच्यासाठी थोडी सरकली.

“न तू,” ठमाबाई विनिताकडे वळली. “ती पोरगी बोलते ता खरा? बोंबलाला घर दिलास न आमाला दिलाच नाय?”

“खरं आहे, मावशी.”

“कशापायी?”

विनिताने आदल्या रात्री या प्रश्नाची चांगली चांगली उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. “घाई होती. फिल्टर दोन तासांत झाला. बारा जणींची बारा पानं करायला दोन आठवडे लागले असते. परेश म्हणाला, चालेल. मीही म्हटलं, चालेल.”

“दोन आठवडे,” ठमाबाई म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं विनिताला वाटलं.

परेशने कागद पुढे केला. पाच जणींनी सही केली. त्यांना दोष कोण देणार? नवं काही उभं राहीपर्यंत आगोट निघून जाणार होती आणि घरात खाणारी तोंडं थांबत नाहीत. एक जण सही करून रडत घरी गेली. ठमाबाईची पाळी आली तेव्हा तिने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि परेशच्या मांडीवर परत ठेवला.

“माजा नाव मी देनार नाय. सापडला नाय तरी चालंल. माजाच हाय ता.”

रंभाने नाही म्हटलं. दिपिकाने नाही म्हटलं. गोदूपुढे परेशने कागद धरलाच नाही. सात जणी उरल्या. परेश गाडीत बसून निघून गेला.

धूळ बसल्यावर विनिता म्हणाली, “मी तुमचं वेगळं दुकान करून देते. फुकट. प्रत्येकीला तिचं पान. वजनाचे, भावाचे फिल्टर रोबोंना बंद ठेवू, नावाला कुणी हात लावणार नाही. श्रावणात माल नसला तरी पान उघडं ठेवू. गुगलवर यायला महिना-दोन महिने लागतील.”

“कर,” ठमाबाई म्हणाली. “पन चावी आमचेकडं पायजे. परेशकडं नको न तुजेकडं पन नको. आमचेतली कुनी तरी चालवील.”

“चालेल. कुणाला शिकवू?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रंभा आपल्या मिठाने चिरलेल्या हातांकडे बघत बसली. दिपिकाने पदर सावरला. कुणाला फोन लावता येत होता, कुणाला फोटो काढता येत होता. त्याच्या पुढचं येणारी त्या सात घरांत एकच होती आणि ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती.

ठमाबाईने तिच्याकडे न बघताच हात केला.

“मंग हिलाच दे,” ती म्हणाली. “दुसरी हाय कोन?”

कोमल तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. कुणी उठून तिला जवळ घेतलं नाही, तिच्या आईनेही नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत बोंबील पालटायचे होते, म्हणून बायका एकेक करून कामाला लागल्या.